टाटांच्या टपाल विमानाशेजारची ‘लालपरी’: नव्वद वर्षं जुन्या विमानाचा मालक शोधायचा कसा?

जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी गाड्यांवरचं एमएच-१६ तसंच राहिलं. श्रीरामपूरकरांचं एमएच-१७ही कायम आहे. जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर आपण आरसी बुक मागतो, बँकेचा बोजा आहे का पाहतो आणि सोबत जाणकार माणूस असेल तर तो वाकून चेसिस नंबर ताडून घेतो. ट्रॅक्टर आजवर कुणाकुणाच्या दारात उभा राहिला, हे तासाभरात कळतं.

हेच विमानाच्या बाबतीत करायचं झालं तर? तेही जेट नव्हे. १९३२ सालचं, एका इंजिनाचं, एक-दोन माणसांना घेऊन उडणारं छोटं विमान. त्याचा पहिला मालक कोण, दुसरा कोण, आणि आज समोर दिसतंय ते खरंच तेच विमान आहे का?

हे समजून घ्यायला भारताच्या नोंदवहीतली दोन शेजारची नावं कामाला येतात: व्हीटी-एडीएन आणि व्हीटी-एडीओ. अक्षरांत एकाच घराचं अंतर, पण दोघांच्या वाटा फार वेगळ्या.

व्हीटी-एडीएन: सगळ्यांना माहीत असलेलं विमान

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून जे.आर.डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. टपालाचं वजन साधारण २५ किलो. विमान डी हॅविलँड कंपनीचं पुस मॉथ, इंजिन १२० अश्वशक्तीचं. अहमदाबादला इंधनासाठी थांबा होता आणि ते इंधन डब्यांत भरून बैलगाडीतून आलं होतं. तिथून दुपारी जुहू. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा प्रवास नेव्हिल विन्सेंट यांनी केला. पावसाळ्यात जुहूचा तळ चिखल-पाण्याखाली जायचा, त्यामुळे ही टपालसेवा तेवढे महिने पुण्याहून चालायची.

पुस मॉथच्या अंगावर अक्षरं होती व्हीटी-एडीएन. मालक टाटा सन्स. हीच सेवा पुढे टाटा एअरलाइन्स झाली, १९४६ मध्ये एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारी झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली. कंपनीच्या मालकीचा हा प्रवास शाळेतल्या मुलांनाही सांगता येतो. गंमत म्हणजे कंपनीचा इतिहास माहीत असला की विमानाचाही माहीत आहे, असं आपण धरून चालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीचं नाव बदलतं तेव्हा विमान जागचं हलत नाही, आणि विमान विकलं जातं तेव्हा कंपनीच्या इतिहासात त्याची ओळसुद्धा येत नाही.

दर ऑक्टोबरमध्ये या उड्डाणाचे फोटो मोबाइलवर फिरतात. त्यात एक सापळा आहे. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा ७८ वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. ते विमान पुस मॉथ नव्हतं, लेपर्ड मॉथ होतं. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्हींचा पंख छताच्या उंचीवर, दोन्हींत बंद केबिन. लांबून बघितलं तर सख्खी भावंडं. पण लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं मे १९३३ मध्ये. म्हणजे टाटांच्या पहिल्या उड्डाणाच्या दिवशी ते अस्तित्वातच नव्हतं! पुस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड, तर लेपर्ड मॉथचं धड प्लायवूडचं. तेव्हा १९८२ चा फोटो कुणी ‘हेच ते पहिलं विमान’ म्हणून पाठवला, तर नुसतं मॉडेलचं नाव विचारा. वाद तिथेच मिटतो.

२०२१ मध्ये याच तारखेला मुंबईच्या आरोही पंडित यांनी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केलं, ते पिपिस्ट्रेल या आजच्या हलक्या विमानातून. साधारण तोच मार्ग, त्यावर तीन वेगळी विमानं.

व्हीटी-एडीओ: कुणालाच माहीत नसलेलं शेजारी

आता नोंदवहीतली पुढची ओळ. व्हीटी-एडीओ हे कॉम्पर स्विफ्ट जातीचं विमान, बांधणी १९३२ ची. एकच आसन. रिकाम्या विमानाचं वजन सुमारे २४५ किलो, म्हणजे दोन बुलेट मोटारसायकलींपेक्षाही कमी. नाकावर ७५ अश्वशक्तीचं पॉबजॉय इंजिन, सात सिलिंडर गोलाकार मांडलेले. इंग्लंडमध्ये निक कॉम्पर या माजी हवाईदल अधिकाऱ्याच्या छोट्या कारखान्यात अशी जेमतेम ४५ च्या आसपास विमानं बनली.

यातलं एक बोटीने भारतात आलं. मालक अल्बन अली, व्यवसाय चहाचा मळा. त्यांनी विमानाला नाव दिलं ‘द स्कार्लेट एंजल’. आपल्या भाषेत लालपरीच की! आपल्या नगर-पुणे रस्त्यावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली, त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधीची ही लालपरी.

१९३३ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय चषकाची हवाई शर्यत झाली. त्यात अली आपली लालपरी घेऊन उतरले. त्याच शर्यतीसाठी इंग्लंडहून दोन तरुण अशाच स्विफ्ट विमानांतून थेट उडत दिल्लीला आले होते. त्यातला एक होता रिचर्ड शटलवर्थ. त्याला जुन्या मोटारी आणि जुनी विमानं जमवायचा नाद होता. हे नाव लक्षात ठेवा.

अली यांचं विमान पुढे इंग्लंडला परत गेलं. तिथे १९३४ मध्ये त्याला नवी अक्षरं मिळाली, जी-एसीटीएफ. भारताच्या नोंदवहीत व्हीटी-एडीओची गोष्ट इथे संपते. विमानाची संपत नाही. ते हातोहात फिरलं, महायुद्धातून वाचलं, युद्धानंतरही शर्यतींत उतरलं आणि शेवटी बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला पोहोचलं. तिथे जुनी विमानं उडण्याच्या स्थितीत ठेवणारा जो जगप्रसिद्ध संग्रह आहे, त्याचं नाव शटलवर्थ कलेक्शन. रिचर्ड शटलवर्थ १९४० मध्ये हवाईदलाच्या प्रशिक्षण उड्डाणात गेला. त्याच्या आईने मुलाच्या आठवणीसाठी ट्रस्ट केला. दिल्लीच्या आकाशात ज्याच्याबरोबर शर्यत लावली, त्याच्याच नावाच्या संग्रहात आज ही लालपरी आहे.

योगायोग म्हणून हे छानच आहे. पण आपल्याला तो योगायोग आज कळतो, कारण व्हीटी-एडीओ म्हणजेच जी-एसीटीएफ असं कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं होतं. ती एक नोंद गहाळ झाली असती, तर दिल्लीची लालपरी आणि इंग्लंडमधलं लाल विमान ही दोन वेगळी विमानं ठरली असती.

ही व्हीटी भानगड काय आहे?

भारतात नोंद झालेल्या प्रत्येक नागरी विमानावर व्हीटी ही अक्षरं असतात. काकडीच्या शिर्डी विमानतळावर उतरणारं विमान झूम करून पाहा, शेपटीकडच्या भागावर दिसतील. याचा अर्थ ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण अक्षरं आली रेडिओच्या जगातून. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर देशांना रेडिओ संकेतांचे गट वाटून दिले गेले. भारताच्या गटाची सुरुवात व्हीटीए अशी होते, तिथून १९२९ पासून विमानांवर व्हीटी आलं. त्याआधी भारतातल्या विमानांची अक्षरं जी-आय अशी सुरू व्हायची, कारण जी म्हणजे ब्रिटन. गुलामीची खूण शोधायचीच असेल तर ती त्या जुन्या अक्षरांत जास्त ठळक होती.

व्हीटीनंतर तीन अक्षरं. एएए पासून झेडझेडझेड पर्यंत २६ गुणिले २६ गुणिले २६, म्हणजे १७,५७६ शक्यता. त्या काळी अक्षरं बहुतांशी क्रमाने दिली जात. सगळी वापरली गेली असं धरलं तर एडीएनचा क्रमांक ९२ वा आणि एडीओचा ९३ वा येतो. अख्ख्या देशाची, तेव्हाच्या कराचीपासून पुढच्या सगळ्या प्रांतांची विमानं शंभरीच्या आत!

एक इशारा. अक्षरं पुन्हा वापरली जाऊ शकतात. व्हीटी-ए ही मालिका १९४० च्या दशकातच संपली होती, तरी एअर इंडियाच्या बोइंग ७७७ वर व्हीटी-एएल अशी अक्षरं दिसतात. त्यामुळे नुसतं नोंदणीचं नाव गुगल करून मालक शोधायला गेलात, तर आजोबांच्या जागी नातू सापडायचा.

मग विमानाचा चेसिस नंबर कुठे?

खरी ओळख असते बांधणी क्रमांकात. कारखान्यातून बाहेर पडताना विमानाच्या धडावर एक छोटी धातूची पाटी ठोकलेली असते. कंपनी, मॉडेल, क्रमांक, कधी तारीख. देश बदलला, मालक बदलला, रंग बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. गाडीचा जिल्हा बदलला तरी चेसिस नंबर तोच राहतो, तसंच.

इंजिनाचा नंबर मात्र वेगळा, त्याची वहीही वेगळी. विमानाच्या सांगाड्याची लॉगबुक, इंजिनाची लॉगबुक, काही वेळा पंख्याचीही. इंजिन एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवणं ही रोजची गोष्ट, म्हणून इंजिनाच्या नंबरावरून विमान ओळखायला जाऊ नये. उलट लॉगबुक म्हणजे सोनं. कुठल्या तारखेला कुणी, कुठून कुठे, किती तास उडवलं, कधी पंख दुरुस्त केला, सगळं शाईत. विक्रीचा कागद एखाद्या कपाटात हरवतो, पण लॉगबुकात उड्डाणाचं ठिकाण अचानक बदललं की मालक बदलल्याचा वास लागतो.

रंगकामावर तर अजिबात विसंबू नये. भारतीय हवाई दलाच्या ‘परशुराम’ या डकोटा विमानाचं उदाहरण घ्या. हे विमान हलकं नाही, पण मुद्दा तोच. त्याच्यावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. हा क्रमांक मूळचा दुसऱ्या डकोटाचा, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या विमानाचा. आजचं ‘परशुराम’ हे ब्रिटिश हवाई दलात केएन ३९७ होतं, नंतर ब्रिटनच्या नागरी नोंदवहीत जी-एएमएसव्ही झालं. राजीव चंद्रशेखर यांनी ते दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं आणि २०१८ मध्ये ते उडत भारतात आलं. आदरांजली म्हणून त्याला जुना क्रमांक दिला, हे उघडपणे सांगितलेलं आहे, त्यात लबाडी काही नाही. पण पन्नास वर्षांनी फक्त फोटो उरला तर? तेव्हाचा एखादा पत्रकार ‘हेच श्रीनगरला गेलेलं विमान’ असं लिहून मोकळा होईल.

साखळी तुटते कुठे?

बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धात. लष्कराला विमानं कमी पडली तेव्हा फ्लाइंग क्लबांची आणि खासगी मालकांची विमानं ताब्यात घेतली गेली. नागरी अक्षरं पुसून लष्करी क्रमांक रंगवले. आता तीच विमानं दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या वहीत गेली. काही पडली, काहींचे सुटे भाग दुसऱ्यांना लागले, काही युद्धानंतर लिलावात निघून पुन्हा नागरी झाली, तीही नव्या अक्षरांसह. १९४० ते १९४६ एवढ्या सहा वर्षांत एका विमानाची तीन नावं होऊ शकतात.

दुसरी जागा देश बदलण्याची. १९४४ च्या शिकागो करारानुसार एक विमान एकाच वेळी दोन देशांत नोंदवता येत नाही. आधी जुन्या देशात नाव कमी करायचं, मगच नव्या देशात चढवायचं. आरटीओच्या एनओसीसारखंच. हा कमी केल्याचा कागद सापडला की दोन देशांच्या नोंदी जोडल्या जातात.

आणि तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. नोंदवहीतलं नाव म्हणजे कायदेशीर मालक असेलच असं नाही. ब्रिटनचं नोंदणी प्रमाणपत्र तर हे स्वतःच स्पष्ट करतं की तो मालकीचा पुरावा नव्हे. आजही आपण ज्या विमानात बसतो ते अनेकदा परदेशी लीझिंग कंपनीचं असतं, विमान कंपनी भाडं भरते. गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा भाड्याने विमानं देणाऱ्यांना आपलीच विमानं भारतातून नेता येईनात. नोंद रद्द होण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश यावा लागला, तो एप्रिल २०२४ मध्ये आला, ५४ विमानांसाठी. नोंदवहीतल्या एका ओळीला किती वजन असतं ते यावरून कळतं.

मोबाइलवर किती शोधता येतं?

ब्रिटनमध्ये नोंदलेल्या विमानासाठी बरंच. तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाची जी-इन्फो नावाची मोफत सेवा आहे. त्यात जी-एसीटीएफ इंग्रजी अक्षरांत टाका, आधीची ओळख म्हणून व्हीटी-एडीओ दिसेल. १९१९ पासूनच्या जुन्या नोंदींची स्कॅन केलेली पानंही तिथे आहेत. मालकांची नावं, पत्ते, तारखा, कारकुनाच्या अक्षरात. याशिवाय एअर-ब्रिटन ही १९४८ पासूनची हौशी अभ्यासकांची संस्था जगभरच्या नोंदवह्या लावून छापत आली आहे.

भारतात डीजीसीएच्या संकेतस्थळावर सध्या नोंद असलेल्या विमानांची यादी मिळते. १९३० च्या दशकातली पानं ब्रिटनसारखी एका क्लिकवर पाहायची सोय आपल्याकडे नाही. त्या काळच्या शोधासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल आणि नागरी विमान खात्याचे तेव्हाचे वार्षिक अहवाल कामाला येतात. माझं मत विचाराल तर नोंदवह्या स्कॅन करणं हे एखादं संग्रहालय बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्तातलं काम आहे. आपल्या लालपरीची वंशावळ आपल्याला परदेशी साइटवर वाचावी लागते, हे काही भूषण नाही.

कायदा मात्र नुकताच बदलला. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. नोंदणीची मूळ पद्धत तीच: मालकीचा पुरावा, बांधणी क्रमांक, आधीच्या देशातून नाव कमी केल्याचा दाखला.

याचा पैशाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. कागदांची साखळी पूर्ण असलेलं जुनं विमान दुरुस्त करून पुन्हा उडवता येतं, विमा मिळतो, संग्रहालय ते विकत घेतं. साखळी नसेल तर तेच विमान भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. उलटही घडतं. मूळचा जेमतेम एखादा नळीचा तुकडा आणि ती पाटी उरलेली असते, बाकी पंख, कापड, लाकूड सगळं नवं, आणि तरीही ते ‘१९३२ चं विमान’ म्हणून उडतं. पाटी खरी म्हणून विमान खरं, की बहुतांश सामान जुनं म्हणून खरं? जाणकारांत यावर भांडणं होतात. मी इंजिनीअरिंग केलंय, त्यामुळे माझा कल सामानाकडे जातो, पण नोंदवही पाटीच्या बाजूने असते.

वारसा म्हणूनही एक प्रश्न येऊ घातलाय. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इतिहास किंवा विज्ञानाच्या दृष्टीने मोलाची, किमान १०० वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९३२ चं कुठलंही विमान २०३२ मध्ये ही रेषा ओलांडेल. तोवर त्याला या शंभर वर्षांच्या नियमाचं संरक्षण नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचं काम आधी झालं: ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आणली.

तुमच्या ओळखीत असं काही असेल तर

सगळीच जुनी विमानं विलायती नसतात. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते १९५१ मध्ये उडालं. १९५८ मध्ये उडालेलं पुष्पक हे दोन आसनी विमान दीडशेच्या आसपास बनलं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचलं. एखाद्या कॉलेजच्या वर्कशॉपमागे किंवा जुन्या शेडमध्ये पंख छताशी असलेला, कापड फाटलेला सांगाडा दिसला, तर तो पुष्पक असण्याची शक्यता पुस मॉथपेक्षा कितीतरी जास्त.

अशा वेळी आधी पाटी शोधा. ती बहुधा केबिनच्या आत किंवा दाराजवळ असते. तिला पॉलिश पेपर लावू नका, घासून चकचकीत करू नका, कोरलेले आकडे त्याने जातात. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की आकडे उमटतात. मग बाजूने टॉर्च धरून फोटो काढा. रंगाचे पापुद्रे निघाले असतील तर खालच्या थरात जुनी अक्षरं आहेत का पाहा. घरात आजोबांच्या ट्रंकेत उड्डाणाची वही असेल तर तिचं पानन् पान स्कॅन करा, कोरी वाटणारी पानंसुद्धा. शिसपेन्सिलीने लिहिलेली विमानाची अक्षरं पुष्कळदा समासात असतात.